आष्ट्याचा अर्ज

सांगली, ता. १५ जून १९६४

तीर्थस्वरूप आत्यास,
शालनचे शि. सा. न. वि. वि.

इंटरचा निकाल परवा लागला. मला पहिला वर्ग मिळाला. कृष्णातमामांच्या मनात तुम्हाला तार करायची होती. पण तार म्हटलं की तुम्ही आधी भिंतीला टेकून बसाल आणि मग ती फोडाल, म्हणून मी त्यांना थांबवलं. पत्र आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही असं समजून पुढं वाचा.

पुण्याच्या आणि सोलापूरच्या अशा दोन मेडिकल कॉलेजांत माझे अर्ज गेले आहेत. पुण्याचं मुलाखतीचं बोलावणं आलं, दोन जुलै, सकाळी अकरा. सोलापूरचं अजून नाही. आमचे जीवशास्त्राचे सर म्हणाले, मुलाखतीत हमखास विचारतात, आणखी कुठं अर्ज केला आहे. नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर त्यांना वाटणार, हिला आमची काही गरज नाही. मग काय सांगू, असं सरांना विचारलं तर ते नुसते हसले. मामा हळदीच्या पेठेत असतात, त्यांचं म्हणणं असं, की शेजारच्या दुकानात काय भाव ऐकला ते दुकानदाराला सांगू नये. आता तुम्ही सांगा.

दुसरी गोष्ट. आबांचं पत्र आलं. आष्ट्याची मंडळी बारा जुलैला मला बघायला वडूजला येणार आहेत. ऊस आहे, विहिरीवर इंजिन आहे, मुलगा घरची शेती बघतो. आबांनी मागच्या वर्षीच सांगितलं होतं, की डॉक्टरकीला ह्या साली जागा मिळाली तर मी आडवा येणार नाही, नाही मिळाली तर दिवाळीनंतर लग्न. मी हो म्हटलं होतं. तेव्हा हा जुलै फार लांब होता. आत्या, मला डॉक्टर व्हायचंच आहे. हे मी अजून कुणापुढं मोठ्यानं म्हटलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहून ठेवते.

ह्या पत्रातल्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवू नका. मागचं पत्र मामीनं बघितलं आणि मी नापास झाले असं समजून ती रडायला लागली.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा; वाढवण्यासारखं मी अजून काही केलेलं नाही.

आपली,
शालन


वडूज, ता. १९ जून १९६४

ती. आक्कास,
लालासाहेबाचे शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. घेवड्याचं रान तयार आहे. शालनची आई गुडघ्यानं बेजार आहे, पण बसत नाही.

मुलाखतीत काय सांगायचं, हे शालननं तुलाही विचारलं असेल. मला विचारलं होतं, मी उत्तर दिलं आहे. तूही तेच लिहावंस म्हणून हे पत्र. मुलीच्या बापानं एक गोष्ट पाळायची असते. ज्याच्या ओसरीवर बसलो त्याला म्हणायचं, तुमचंच एक ठिकाण आहे. शेजारच्या भामाबाईच्या दोन मुली आणि चुलत्यांच्या तीन मी अशाच उजवल्या. आपण आणखी दोन उंबरे बघितले हे समोरच्याला कळलं, की तो म्हणतो, तिकडून नकार आलेला दिसतो, आणि मग मुलीत उणं काय ते शोधत बसतो. पुण्याची माणसं शिकलेली असली तरी माणसंच आहेत. तेव्हा शालनला लिही, की पुण्यात पुणं म्हण आणि सोलापुरात सोलापूर.

आष्टेकरांपाशीही मी डॉक्टरकीचा विषय काढलेला नाही. त्यांच्या बैठकीत मला विचारलं तेव्हा, तुमच्याशिवाय आमचं कुठं बोलणं नाही, असं सांगून मोकळा झालो. तू म्हणशील, हे खोटं. आक्का, ह्याला आपल्यात खोटं म्हणत नाहीत, रीत म्हणतात.

पुण्याला मी स्वतः बरोबर जाणार आहे. पोर एकटी कशी पाठवायची? कोट धुऊन आणला, फेटा नवा घेतला. तुझ्या शाळेला सुट्टी असेल तेव्हा इकडं ये. थोरली म्हणून तुझा लोभ आहेच, तो रागावतानाही असू दे.

तुझा,
लालासाहेब


सातारा, ता. २३ जून १९६४

चि. शालन हिस,
आक्काताईचे अनेक आशीर्वाद.

पहिला वर्ग मिळाला हे बरं झालं. शाळेत पेढे वाटले. शिक्षिकांनी दोन-दोन घेतले, अभिनंदन मात्र एकीनंच केलं. तुझ्या पत्रात चार चुका होत्या. मामीसाठी गप्प बसते.

तुझ्या वडिलांचं पत्र आलं. त्यांनी त्यांची रीत सविस्तर लिहिली आहे. ती त्यांच्यापाशी राहू दे. मुख्याध्यापिका म्हणून शिक्षिका निवडायच्या बैठकीला मी बारा वर्षं बसते आहे. समोरची बाई म्हणाली की दुसऱ्या शाळेतही अर्ज केला आहे, तर माझं तिच्याबद्दल वाईट मत होत नाही. पोटापाण्याची गोष्ट आहे, एकाच दारात कोण उभं राहील? पण ती नाही म्हणाली आणि पुढं कळलं, तर तिचं बाकीचं सगळं बोलणं मी पुन्हा तपासून बघते. तेव्हा विचारल्याशिवाय सांगू नकोस. विचारलं की पुरं सांग, अर्धं ठेवू नकोस, आणि सांगून झालं की गप्प बस. तुला शेवटचं जड जाईल.

आष्ट्याबद्दल मी काही लिहीत नाही. घर वाईट नाही असं ऐकते. तू मला जे लिहून ठेवलंस ते वाचलं आणि पत्र पेटीत ठेवलं.

वडिलांना बाहेरच्या बाकावर बसव आणि हातात वर्तमानपत्र दे. आत येऊ देऊ नकोस. इंग्रजी सावकाश बोल. केस घट्ट बांध.

मुलाखतीनंतर लगेच कळव. मी वाट बघत नाही, पण टपालवाला अकराला येतो.

तुझी,
आत्या


सांगली, ता. ४ जुलै १९६४

ती. आत्यास,
शालनचे शि. सा. न. वि. वि.

मुलाखत झाली. झालं ते क्रमानं लिहिते, म्हणजे कुठं बिघडलं ते तुम्हाला दिसेल.

टेबलापलीकडं तिघं होते. दोन गृहस्थ आणि पांढरं पातळ नेसलेल्या एक वयस्क डॉक्टरीणबाई. आधी बेडकाच्या हृदयाबद्दल विचारलं, ते आलं. डॉक्टर का व्हायचं आहे, ह्याचं उत्तर पाठ केलं होतं. इंग्रजी अर्ध्यात विसरले आणि उरलेलं मराठीत सांगितलं. मग मधल्या गृहस्थांनी विचारलं, आणखी कुठं अर्ज केला आहे. मी म्हटलं, सोलापूरला. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. कुणी मनाला लावून घेतलेलं दिसलं नाही. आत्या, इथवर तुमचं बरोबर होतं.

पण बाईंनी विचारलं, एवढंच ना, आणखी कुठं काही नाही? मला तुमचं पत्र आठवलं. अर्धं ठेवू नकोस. मी म्हटलं, आष्ट्याला. दोघा गृहस्थांनी एकमेकांकडं बघितलं. आष्ट्याला मेडिकल कॉलेज कधी निघालं, असं एकानं विचारलंसुद्धा. मग मी खुलासा केला, की दोन अर्ज माझे आहेत आणि तिसरा वडिलांनी केलेला आहे, बारा तारखेला ती मंडळी मला बघायला येणार आहेत. गृहस्थ मोठ्यानं हसले. बाई हसल्या नाहीत. आष्ट्यानं आधी हो म्हटलं तर काय करशील, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, शिक्षण निम्म्यात टाकून लग्न करून गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या जागी जिला घेता आलं असतं तीही याच खुर्चीत बसून गेलेली असते.

मग त्यांनी शिपायाला पाठवून आबांना आत बोलावलं. आबांनी सगळ्यांना रामराम केला. मुलीसाठी आणखी कुठं प्रयत्न चालू आहेत का, असं बाईंनी विचारलं. आबा म्हणाले, न्हाई बाईसाहेब, आमचं दुसरीकडं कुठंबी बोलणं न्हाई, ह्येच एक ठिकाण हाय. सोलापूरचं काय, असं विचारलं तर म्हणाले, सोलापुरात आमचं कोणबी न्हाई. आणि आष्टा? तर म्हणाले, आष्टा आमी बघितल्यालंबी न्हाई. मी शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं असतं तर माझ्या तोंडावरून त्यांना समजलं असतं. पण बैठकीत बापानं मुलीकडं बघायचं नसतं.

बाई म्हणाल्या, एका घरातून दोन उत्तरं आली, त्यातलं मुलीचं मी खरं धरते. शिक्षण पुरं होईपर्यंत हिचं लग्न करणार नाही, असं दहा तारखेपर्यंत मला पत्रानं कळवा, यादी अठराला लागेल. आबा म्हणाले, घरात इचारून सांगतो.

परत येताना आबा साताऱ्यापर्यंत वर्तमानपत्राचं एकच पान वाचत होते. मला एकटी पाठवायला तयार नव्हते, तेच मला गाडीत सोडून साताऱ्याला उतरले आणि तुमच्याकडं न येता वडूजच्या गाडीत जाऊन बसले. मी कराडपर्यंत रडले. शेजारच्या बाईनं भुईमुगाच्या शेंगा दिल्या, त्या खाल्ल्या.

चुकलं कुणाचं ते कळवा. तुमचं असलं तरी लोभ माझ्याकडून कमी होणार नाही.

आपली,
शालन


वडूज, ता. ७ जुलै १९६४

ती. आक्कास,
लालासाहेबाचे शि. सा. न. वि. वि.

शालननं तुला सगळं कळवलं असेल, तेव्हा आता माझंही ऐकून घे. तीन परक्या माणसांपुढं पोरीनं घरातलं स्थळ उघडं केलं आणि मी शेहेचाळिसाव्या वर्षी लबाड ठरलो. मी आतापर्यंत किती बैठकींना बसलो, पण माझं बोलणं असं कुणी माझ्या हातात परत दिलं नव्हतं. तुझ्याकडं यायचं तोंड नव्हतं, म्हणून साताऱ्यात थांबलो नाही.

पुण्याच्या बाईंना पत्र लिहायला दोनदा बसलो. लिहवत नाही. आष्टेकरांना मी, तुमच्याशिवाय कुठं नाही, असं सांगितलेलं आहे. आज पुण्याला लग्न करणार नाही म्हणून लिहून दिलं, तर बाराला त्यांच्यापुढं मी कसा बसू? एवढी बारा तारीख जाऊ दे, मग बघतो. पुण्याची यादी अठराला आहे, दोन दिवस मागंपुढं चालत असेल.

आणखी एक लिहितो, राग मानू नको. डॉक्टर झालेल्या पोरीला आपल्यात जोडा कुठून आणायचा? तू शिकलीस, नोकरी केलीस, मोठी मोठी माणसं तुला बाई म्हणून मान देतात. पण तुझ्याकडं आलो आणि एका माणसाचा स्वयंपाक बघितला की मला जेवण जात नाही. म्हणून मी येत नाही, शेतीची कामं आहेत म्हणतो ते खरं नाही. शालनचं तसं होऊ नये, एवढंच माझ्या मनात आहे.

चुकलं असेल तर बोल, पण बोलणं टाकू नको.

तुझा,
लालासाहेब


सातारा, ता. ९ जुलै १९६४

चि. लालासाहेब यास,
आक्काताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. राग आला. तो दोन तास होता, मग शाळेची वेळ झाली.

एका माणसाचा स्वयंपाक आहे खरा. सोळाव्या वर्षी मी पांढऱ्या कपाळानं माहेरी आले तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. वडिलांनी मला शाळेत घातलं ते हिचं दुसरं काय करायचं हे सुचेना म्हणून. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मला शाळा आवडली. एकटीनं जेवताना कधी कधी वाईट वाटतं. रोज नाही. पण तू पोरीला माझ्यासारखी होण्यापासून वाचवतो आहेस, हे मला आज कळलं, आणि ते मला फार लागलं. हे एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही.

चूक माझीही आहे. पुरं सांग असं मी पोरीला लिहिलं. पुरं म्हणजे किती, ते लिहायला हवं होतं. पण तिनं सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. तू सांगितलंस त्यात खरं काही नव्हतं.

आष्ट्याच्या मुलाच्या वडिलांना, धोंडिराम पाटलांना, मी आज पत्र टाकलं आहे. मुलीनं डॉक्टरकीसाठी दोन ठिकाणी अर्ज केला आहे, उत्तराची वाट बघतो आहोत, आणि हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, असं कळवलं. घरातली थोरली म्हणून सही केली. तुला विचारलं नाही, कारण तू बारा तारीख जाऊ दे म्हणाला असतास.

हे पत्र मिळेल तेव्हा दहा तारीख असेल. पुण्याचं पत्र त्याच दिवशी टाक. शालनच्या आईच्या गुडघ्याला शेक द्या.

तुझी,
आक्का


आष्टा, ता. ११ जुलै १९६४

श्रीमती आक्काताई यांस,
धोंडिराम पाटील यांचा सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. घरात सर्वांना वाचून दाखवलं. आपण मोकळेपणानं लिहिलंत, तेव्हा मीही मोकळेपणानं लिहितो.

आमच्या मुलाचं मलकापूरच्या एका घरी वैशाखातच ठरल्यात जमा आहे. लालासाहेब आले ते त्यानंतर. त्यांना त्याच वेळी सांगायचं होतं, पण तुमच्याशिवाय आमचं दुसरीकडं कुठंच बोलणं नाही, असं ते पहिल्यालाच बोलून गेले. अशा माणसाला तोंडावर नाही म्हणायला जीभ उचलेना. म्हणून बारा तारखेला यायचं, मुलगी बघायची, चहा घ्यायचा आणि आठ दिवसांनी पत्रिका जमत नाही म्हणून कळवायचं, असं आम्ही ठरवलं होतं. आमच्या मंडळींना ते पसंत नव्हतं. दुसऱ्याच्या लेकीला उगाच दाखवायला कशाला बसवायचं, म्हणत होत्या. आपलं पत्र आल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

तेव्हा उद्याचं येणं रद्द समजावं. आमच्यामुळं आपलं कुठलं काम खोळंबलं नसावं, अशी आशा आहे. मुलगी शिकून मोठी होवो. सोयरीक नाही झाली तरी आपल्याला परकं धरू नये.

आपला,
धोंडिराम पाटील


सांगली, ता. २६ जुलै १९६४

ती. आबांस,
शालनचे शि. सा. न. वि. वि.

पुण्याच्या यादीत माझं नाव नाही, हे मामांनी तुम्हाला कळवलंच आहे. तुमचं पत्र चौदा तारखेला गेलं हेही मला आत्यांकडून समजलं. ते दहाला गेलं असतं तर नाव आलं असतं का, हे मला माहीत नाही आणि कुणालाच माहीत नाही. पण जे घर आपल्याला हो म्हणणारच नव्हतं, त्याच्यासाठी तुम्ही पुण्याचं पत्र अडवून ठेवलंत. आबा, मला तुमचा राग आला होता. आठ दिवस होता. मामी विचारत होती, जेवत का नाहीस, तर मी पावसाळी हवेचं नाव सांगितलं.

परवा मामांबरोबर सोलापूरला मुलाखत देऊन आले. तिथंही विचारलं, आणखी कुठं अर्ज होता. मी पुण्याचं सांगितलं आणि तिथं मिळालं नाही हेही सांगितलं. का नाही मिळालं असं वाटतं, असं त्यांनी विचारलं. मग मी सगळं सांगितलं, तुमच्यासकट. तुमची रीत काय आहे आणि ती तुम्ही का पाळता तेही सांगितलं. तुम्ही लबाड आहात असं त्यांना वाटू नये, असं मला वाटत होतं. ह्या वेळी कुणी हसलं नाही.

तिथल्या मुख्य डॉक्टरांनी सांगितलं, की गुणांत तू बसतेस. मात्र शिक्षण पुरं होईपर्यंत लग्नासाठी मुलीला काढून नेणार नाही, असं वडिलांच्या हातचं लिहून पाच ऑगस्टच्या आत आण. मामा म्हणाले, मी लिहून देतो. डॉक्टर म्हणाले, वडिलांचंच हवं.

सोबत एक कागद पाठवते. तो कोरा आहे. मामा मजकूर सांगत होते, मी लिहून घेतला नाही. तुमच्याकडून सही करून घेतली असं व्हायला नको. मला डॉक्टर व्हायचंच आहे, हे मी आत्यांना जूनमध्ये लिहिलं होतं. तुम्हाला आज लिहिते. तुम्हाला लिहून द्यायचं नसेल तर कागद कोराच परत पाठवा, पण पाच तारखेच्या आत पाठवा. मी नुसती वाट बघत बसणार नाही.

आईला नमस्कार. ह्यापुढंही मी तुमचीच, हे वेगळं लिहायला नको.

आपली,
शालन


वडूज, ता. ३० जुलै १९६४

चि. शालन हिस,
आबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी आक्काला बोलावणं पाठवलं. ती काल दुपारच्या गाडीनं आली. मजकूर तू सांग असं मी तिला म्हटलं, तर म्हणाली, तुझ्या हातानं आणि तुझ्या शब्दांत लिही. मग मी बसलो. पहिला कागद फाडला. दुसऱ्यात, शक्यतो लग्न करणार नाही, असं लिहिलं होतं. आक्कानं शक्यतो ह्या शब्दावर बोट ठेवलं. तोही फाडला. तू पाठवलेला कागद शेवटी घेतला.

तुझ्या आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, लय शिकली मंजी आपली ऱ्हाईल का वो ती? आक्का म्हणाली, मी न्हाई का ऱ्हायले? तुझी आई रडली, मग उठून तिनं पुरणाची डाळ शिजत घातली. आक्काही जरा डोळे पुसत होती. मी बघितलं असं तिला कळू दिलं नाही.

पुण्याचं माझ्यामुळं गेलं. तू म्हणतेस कुणालाच माहीत नाही, पण मला माहीत आहे. दहा तारखेला आक्काचं पत्र माझ्या हातात होतं आणि पोस्ट उघडं होतं. तू त्या डॉक्टरांपुढं माझी बाजू मांडलीस, हे वाचून मला जास्त वाईट वाटलं. शिव्या दिल्या असत्यास तर सोपं गेलं असतं.

कागद सोबत आहे. तुझं शिक्षण पुरं होईपर्यंत तुझं लग्न करणार नाही, कुठं बोलणंही चालवणार नाही, असं लिहून खाली पूर्ण नावानं सही केली आहे. साक्षीदार म्हणून आक्कानं सही केली. पुढं एक ओळ घालायची होती, की शिक्षण संपल्यावर वर्षाच्या आत लग्न करू. ती मी लिहिलीही असती, पण पेन उचललं आणि मला वाटलं, तेव्हा तू तेवीस-चोवीस वर्षांची डॉक्टर असशील. त्या बाईच्या वतीनं मी आज काय म्हणून लिहून देऊ? तिला मी अजून बघितलेलीसुद्धा नाही. म्हणून तिथून खाली कागद कोरा ठेवला आहे.

सोलापूरला पोचलीस की आईला पत्र लिही. माझ्यावर राग असला तरी चालेल, पण मायेत खंड पडू देऊ नको.

तुझा,
आबा